ऑगस्टा पाईक का बसते

शेडमध्ये झाडूचा दांडा हातात धरून मी पुन्हा एकदा आडवी झाले, तेव्हा व्हर्ली चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली, "नाही पोरी. ती अशी पडत नाही. पडताना ती आधी टोपी धरते, मग स्वतःला."

मी उठले, गुडघे झटकले, डोक्यावरची व्हर्लीच्या नवऱ्याची, क्लॅरीची जुनी उन्हाची टोपी नीट केली आणि पुन्हा पडले. या खेपेला टोपी धरून. व्हर्ली उकिडवी बसून माझी पावलं बघत होती. एक पाऊल आधी मागे जातं का, दांडा कुठल्या हातात राहतो, उठायला किती वेळ लागतो. मधेच तिने टाळी वाजवली, म्हणजे "इथे कुणी मारलं तर तू उघडी आहेस".

कुंपणावरून हेडली नॅनकिव्हेलचं डोकं वर आलं. शेजारचा म्हातारा. त्याला आमच्या शेडमधलं काहीही चुकवायचं नसे. "व्हर्ली, भाडेकरू नकोशी झाली असेल तर तोंडाने सांग तिला," तो म्हणाला. "झाडूने काय मारतेस?"

"तुझ्यासाठी तालीम चाललीय, हेडली," व्हर्ली म्हणाली. "तू फक्त कुंपण ओलांड."

ऑगस्टा पाईक ही एका जुन्या कॉम्प्युटर गेममधली साहसी बाई. मिठाखाली गाडल्या गेलेल्या शहरात ती दोर, कंदील आणि रुंद काठाची टोपी एवढ्या भांडवलावर उतरते. ती गेम आता फारशी कुणाच्या लक्षात नाही. पण दुसरी एक गेम आहे, तिच्यात नाना गेम्समधले वीर एका आखाड्यात आणून एकमेकांशी झुंजवतात. कुठला शिपाई, कुठली राजकन्या, कुठलं बोलकं अस्वल. ज्यांना त्या आखाड्यात जागा मिळालेली नाही त्यांच्यासाठी त्यांचे चाहते झुरतात, आणि झुरणं असह्य झालं की लिहायला बसतात: ती आली असती तर कशी लढली असती. साधा ठोसा, उडीतला फटका, पकड, खास चाली आणि शेवटचा ब्रह्मास्त्रासारखा एक तडाखा. अशा सगळ्या चालींचा एक संच शब्दांत लिहून काढायचा आणि फोरमवर टाकायचा. तो कधी कुणी बनवणार नाही, कधी कुणी खेळणार नाही. कधीही न होणाऱ्या लग्नाची पत्रिका, जेवणावळ, मानपान सगळं ठरवून ठेवावं, तसं हे काम. आणि मानपान तिथे कडक. चाल जितकी जबर, तितकी तिची किंमत मोठी; मारण्याआधी किंवा मारल्यानंतर तुमचा गडी तेवढा वेळ उघडा राहिला पाहिजे. आणि दुसरं, प्रत्येक चालीला पुरावा हवा. तिच्या स्वतःच्या गेममध्ये ती बाई जे करते, त्यातूनच चाल निघाली पाहिजे. मनाचं काही चालत नाही.

या फोरमवर व्हर्लीचं नाव होतं "मुरड". कारण ती एकसष्ट वर्षांची बाई वॉलरू या आमच्या बंदराच्या गावातल्या बेकरीत पहाटेपासून पास्ट्या भरायची. मैद्याच्या पारीत मांस, बटाटा, कांदा, सलगम, आणि मग कडेची मुरड. या गावात कुठली मुरड कुणाच्या हातची हे खाणारा सांगतो. तिची बारीक आणि घट्ट असे, भट्टीत कधी उकलत नसे. फोरमवरच्या पोरांना हे काय माहीत? ती तिला मुरडभाऊ म्हणत. "मुरडभाऊ, फटका चांगलाय पण पाय कुठे आहेत?" असं कुणी विचारलं की ती मला वाचून दाखवायची आणि हसायची. या वयात भाऊ झाले बघ, म्हणायची.

ती हे का करत होती, ते सांगायला हवं.

तिचा मुलगा जोरी. नवरा क्लॅरी. मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आले तेव्हा जोरी नुकताच नोकरीसाठी दूर उत्तरेला, डार्विन शहरात गेला होता आणि क्लॅरी अजून होता. दारात खुर्ची टाकून बसायचा, बोलताना मधेच थांबून हवा ओढायचा, आणि मग राहिलेला विनोद पुरा करायचा. जन्मभर बंदरावर धान्याच्या कोठारात काम केलं. ती धूळ छातीत बसली होती. डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं तेव्हा त्याने व्हर्लीचा हात धरून एवढंच मागितलं, की पोराला कळवू नकोस. नवी नोकरी आहे त्याची, पक्की होऊ दे. मग मीच बोलावतो त्याला, उन्हाळ्यात, खेकडे धरायला.

दोघांनाही वाटलं होतं उन्हाळा येईल. क्लॅरी त्याआधीच गेला. जोरी पोचला तो अंत्यविधीला. हॉस्पिटलात वडिलांचे कपडे, चष्मा घ्यायला गेलेल्या त्या मायलेकांना डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं होतं: छाती फार आधीपासून गेली होती, दहा-पंधरा वर्षांपूर्वी ते कोठार सोडलं असतं तर गोष्ट वेगळी असती. जोरी बापाचा चष्मा पुसत राहिला. दुसऱ्या दिवशी अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा चालू होता, आणि कुणीतरी मायेने म्हणालं, बिचारी व्हर्ली, दोन महिने सगळं एकटीने पोटात ठेवलं. जोरीच्या हातात कप होता. तो त्याने टेबलावर ठेवला.

"दोन महिने?" त्याने विचारलं.

मग तो जे ओरडला ते अख्ख्या हॉलने ऐकलं. तू मला माझ्या बापाचा निरोप घेऊ दिला नाहीस. व्हर्ली उभीच राहिली. तिने म्हणायला हवं होतं की बापानेच सांगितलं होतं. ती ते म्हणाली नाही. तो त्याच संध्याकाळी गेला. त्याला चार वर्षं झाली. फोन नाही, पत्र नाही, नाताळचं कार्ड नाही.

मी तिला कितीदा म्हटलं, अगं, कळव त्याला खरं काय ते. ती म्हणायची, "मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. त्याच्या माथी मारू?" एकदा तर चिडून म्हणाली, त्याला एक बाप तरी धड राहू दे.

पण तिला त्याचं फोरमवरचं नाव माहीत होतं. घरी असताना तो तिथेच पडलेला असे, आणि क्लॅरी कौतुकाने येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचे संच वाचून दाखवायचा. नाव "निळा खेकडा". आपल्या जेट्टीखाली मिळतात ते. बाप गेल्यापासून या खेकड्याने स्वतःचा एकही संच लिहिला नव्हता, फक्त दुसऱ्यांचे तपासायचा. तिखट होता, पण त्याने नीट वाचलेलं असायचं. चार वर्षं व्हर्ली रोज दुपारी बेकरीतून आली की हात धुऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी टॅबलेट उघडायची आणि मुलाची खुशाली वाचायची. "आज कुणाला तरी झापलंय," ती सांगायची. "डार्विनला उकाडा वाढलेला दिसतोय." किंवा, "पोराने 'छान' लिहिलंय कुणाला तरी. काहीतरी चांगलं खाल्लं असेल."

वाचता वाचता तिला त्या चाली कळायला लागल्या. आणि त्या वर्षी हिवाळी फेरीचा विषय जाहीर झाला: साहसी, भटके, शोध घेणारे. खाली निळ्या खेकड्याने लिहिलं होतं की या फेरीतला एकही संच मी वाचल्याशिवाय सोडणार नाही.

व्हर्लीने ते दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, "म्हणजे मी संच लिहिला, तर त्याला मलाही उत्तर लिहावं लागेल."

"तुझ्या नावाने?"

"माझ्या खऱ्या नावाला कुठे लिहितोय तो? कुणालाही समजून लिहू दे. एकदा लिहू दे." थोडं थांबून तिने जोडलं, की ओळखलं तर ओळखलं. घरी यायला माणसाला दार लागतं, दार कसलंही चालतं.

पाईकच का, हे विचारायची गरज नव्हती. जोरी लहान असताना बापलेक रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत ती गेम खेळायचे. क्लॅरीच्या हाती कीबोर्डच्या कळा, जोरी मांडीला मांडी लावून शेजारी, नकाशा सांगणारा. व्हर्लीने ती स्वतः कधी खेळली नाही. स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली. कणकेचे हात घेऊन, दोन डोक्यांच्या मधल्या फटीतून. जे तिला दिसलं होतं त्यातून तिने पाईक उभी केली, आणि बाकीचं माझ्याकडून शेडमध्ये करून घेतलं. मी जवळच्या काडीना गावच्या हॉलमध्ये पोरांना नाटक शिकवते. पडणं हा माझा धंदाच आहे. पण व्हर्लीसारखा दिग्दर्शक मला मिळाला नाही. ती म्हणायची, पाईक कुणाला फेकत नाही. ती बाजूला होते, आणि समोरचा आपल्याच जोराने जातो. कंदिलाने मारता येतं, पण मारलं की तेल सांडतं, आणि मग पुढचा सगळा वेळ तिला कमी दिसतं. ही कंदिलाची चाल फोरमवर गाजली. एकाने लिहिलं, मुरडभाऊ, किंमत कशी लावावी ते तुझ्याकडून शिकावं.

आणि खालची कळ दाबून होणारी खास चाल होती: बसणं.

तिच्यावर व्हर्लीचा फार जीव होता. पाईक लढता लढता एका मिठाच्या ढेकळावर बसते, टोपी काढून मांडीवर ठेवते. जितका वेळ बसेल तितका मार खाऊन गेलेला जीव भरून येतो. पुराव्याच्या जागी तिने लिहिलं: ती प्रत्येक शिडी चढल्यावर बसते. प्रत्येक पुलाआधी बसते.

संच टाकला. अभिप्राय यायला लागले. खेकड्याचा येईना. व्हर्ली बेकरीतून आली की चपला काढायच्या आधी बघायची. मग एका दुपारी, आम्ही दोघी टेबलाशी बसलेल्या, "तिसरं दार" नावाच्या कुणीतरी लिहिलेलं आलं. भावा, बाकी सगळं झकास, पण बसण्याचा पुरावा कुठून आणलास? मी मुद्दाम ती गेम पुन्हा सुरुवातीपासून खेळलो. ती बाई एकदाही बसत नाही.

व्हर्ली दुखावली. "आंधळा आहे का हा," ती म्हणाली. "सारखी बसते. मी काय कमी वेळा पाहिलंय?"

उत्तर लिहायला तिने बोट टेकवलं, आणि तेवढ्यात खाली नवा मजकूर उमटला. निळा खेकडा.

त्याने लिहिलं होतं: "बसते. पण ती चाल नाही. कळांवरून हात काढले आणि बराच वेळ लावलेच नाहीत, तर ती बसते. जीवबीव काही भरत नाही. खेळणारा परत यायची ती वाट बघते, एवढंच."

आणि खाली, वेगळ्या ओळीवर: "प्रत्येक शिडीनंतर हात कोण काढतं?"

मी आनंदाने व्हर्लीकडे वळले. लिहिलं की नाही त्याने, म्हणणार होते. तिचा चेहरा पाहून माझं तोंड मिटलं.

तिने टेबलावर स्वतःचे हात गुडघ्यांवर ठेवावेत तसे ठेवून बघितले. "असे ठेवायचा," ती म्हणाली. "क्लॅरी. मांडीवर. मी दारातून म्हणायची, बरी बाई आहे, दमली की बसते. आणि दोघं हसायचे. फार हसायचे. मला वाटायचं माझ्या बोलण्याला हसतायत."

मी म्हटलं, व्हर्ली, कदाचित उगाच थांबत असेल.

"शिडी चढायला काय लागतं कळांवर? बोटं. बोटं हलवून त्याला धाप लागायची." ती शांतपणे बोलत होती, जणू तिच्यासमोर कुणी दुसऱ्याच घरची गोष्ट ठेवली होती. "मी कपडे धुतले त्याचे. शेजारी झोपले. मला खोकला कळला तो जोरी शाळा संपवत होता तेव्हा. हे त्याच्या कितीतरी आधीचं. जोरी नऊ वर्षांचा होता, पोरी. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं."

फोरमचा रिवाज असा की शंका चारचौघांत विचारली तर उत्तरही चारचौघांत द्यायचं. तिने एका बोटाने लिहिलं: "आमच्या घरी एक जण काढायचा." आणि टॅबलेट पालथा घातला.

त्यानंतर खेकडा गप्प झाला. इतरांच्या संचांवरही काही नाही. व्हर्ली कामाला जायची, यायची, बघायची. हेडलीने कुंपणावरून विचारलं, तालीम बंद पडली का. तिने हातानेच नंतर म्हणून सांगितलं. त्या दिवसांत ती काय विचार करत होती मला माहीत नाही. एकदाच म्हणाली, की त्या दोघांनी मिळून मला वेड्यात काढलं; आणि मग लगेच, की नाही, एकाने काढलं, दुसरा पोर होता.

फोन आला रविवारी सकाळी. आम्ही चर्चच्या विक्रीसाठी पास्ट्या करत होतो. मी सलगम चिरत होते, तिचे दोन्ही हात पिठात. नाव बघून तिने कोपराने फोन स्पीकरवर टाकला. मी उठायला लागले. तिने पिठाच्या हाताने मला बस म्हणून खुणावलं.

"हॅलो," ती म्हणाली.

"मुरड तूच ना?"

"हो."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "चांगलाय संच," जोरी म्हणाला. "कंदील फार चांगलाय. पडताना टोपी धरते ते बाबा म्हणायचे, आठवतंय?"

"आठवतंय. जेवलास का?"

"आई, सकाळ आहे."

"मग नाश्ता."

तो हसल्यासारखं काहीतरी झालं. व्हर्लीचे डोळे बंद होते. तिच्या ओठांवरून मला दिसत होतं की पुढचं वाक्य "घरी ये" हे आहे, आणि ती ते पिठासारखं चाळून चाळून बारीक करतेय, त्याच्यात एकही खडा राहू नये म्हणून.

पण आधी तो बोलला.

"तुला एक सांगायचंय. मधे थांबवू नको, नाहीतर होणार नाही माझ्याच्याने. बाबा हात काढायचे ना, ते श्वासासाठी. मला माहीत होतं. मी मोजायचो, किती वेळ बसते ती. आधी थोडा वेळ बसायची, मग जास्त बसायला लागली. बाबा म्हणाले, आईला सांगू नकोस, ती काम सोडायला लावेल. म्हणाले हे आपल्या दोघांचं. मला भारी वाटायचं, गं. आपल्या दोघांचं. आणि मी नाही सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना तू? दहा-पंधरा वर्षं आधी सोडलं असतं तर. मी एक वाक्य बोललो असतो तुझ्याशी, तर." पंखा फिरत होता. "त्या दिवशी हॉलमध्ये मी तुला हेच सांगणार होतो. तोंड उघडलं आणि ते भलतंच आलं."

व्हर्लीने डोळे उघडले. समोर भरलेली, अजून मुरड न घातलेली पास्टी होती, तिच्याकडे बघत ती म्हणाली, "मला माहीत होतं, जोरी."

"काय?"

"तेव्हापासूनच. भिंतीपलीकडून ऐकू यायचं मला. तू सांगितलं असतंस तरी तेच, नसतंस तरी तेच. मला माहीत होतं, आणि मी काही केलं नाही."

मी सुरी खाली ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी नऊ वर्षांचा असल्यापासून?"

"हो."

"तुला माहीत होतं, आणि तू रोज त्यांना डबा भरून त्या कोठारात पाठवत होतीस?"

"हो," व्हर्ली म्हणाली. "घर चालवायचं होतं."

पलीकडे कुत्रं भुंकलं, कुठलं तरी दार लागलं. मग जोरीचा आवाज आला. हॉलमधला ओरडण्याचा आवाज नव्हता तो. थंड होता, आणि खरं सांगायचं तर, मोकळाही होता. मोठं ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाला आधी जो फक्त थकवा जाणवतो, तसा.

"मी नंतर करतो फोन," तो म्हणाला.

"कर," ती म्हणाली. "उन्हात फिरू नको."

फोन बंद झाला. व्हर्लीने पास्टी उचलली आणि मुरड घालायला लागली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, खोटं बोललीस तू. याच टेबलाशी बसून मला म्हणालीस की काही माहीत नव्हतं. तो येणार होता, व्हर्ली. तू फक्त "ये" म्हणायचं होतंस.

"नऊ वर्षांचा होता," ती म्हणाली.

"आणि आता सत्तावीसचा आहे. त्याला समजावता आलं असतं. पोरा, तुझी चूक नव्हती, असं म्हणायचं."

"त्याने कुणाला पटतं?" तिची बोटं थांबली नाहीत. "तुझी चूक नव्हती, हे डॉक्टर म्हणतात, पाद्री म्हणतात. माणूस हो म्हणतो आणि घरी जाऊन पुन्हा मोजायला बसतो. आईवर राग धरून माणसं म्हातारी होतात, नातवंडं बघतात. स्वतःवरच्या त्या दुसऱ्या रागावर नाही होत."

मग तिने ती पास्टी ट्रेमध्ये ठेवली. कड एका जागी उकलली होती. मी पाहिली, तिनेही पाहिली, आणि दोघींनी ती तशीच भट्टीत जाऊ दिली.

आठवड्याने तिने संचात दुरुस्ती टाकली. बसण्याची चाल काढली नाही; जीव भरून येतो ती ओळ तेवढी काढली. आता पाईक बसते, टोपी मांडीवर ठेवते, आणि त्याने काही होत नाही. समोरच्याला वाटलं तर त्याने मारावं. पोरांनी भरपूर थट्टा केली. मुरडभाऊ, ही चाल आहे की आत्महत्या, एकाने विचारलं. तिसरं दार म्हणालं, पुरावा आता बरोबर आहे, पण ही चाल वापरणार कोण? फेरीत संच कुठेतरी मधे आला. खेकड्याने त्याच्यावर मत दिलं नाही, आणि फोनही आला नाही.

हेडलीला मी थोडंफार सांगितलं होतं. तो तेवढ्यापुरता कुंपणावरून दिसेनासा झाला आणि एका सकाळी दाराशी बादलीभर खेकडे ठेवून गेला. व्हर्लीने ते शिजवले, आणि खाल्ले मी.

आमच्याकडचा हिवाळा सरला, आणि सप्टेंबर संपता संपता निळ्या खेकड्याने स्वतःचा संच टाकला. बाप गेल्यापासूनचा पहिला. कुठल्यातरी जुन्या गेममधला पोस्टमन, सायकलवरून लढणारा. मला तो माहीत नव्हता. खाली पोरांची झुंबड उडाली होती. कुठे होतास भावा, आला रे आला, असलं सगळं. व्हर्लीने दुपारी चपला काढायच्या आधी तो वाचायला घेतला आणि चहा निवेपर्यंत वाचत राहिली. मधेच एकदा हसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, सायकलची घंटी वाजवतो आणि समोरचा बाजूला होतो; एवढंच, मारतच नाही.

"कसा आहे?" मी विचारलं.

"हलका आहे," ती म्हणाली. "पूर्वी त्याचे सगळे गडी जड असायचे. लोखंडाचे. हा उडतो."

अभिप्रायाची चौकट खाली रिकामी होती. तिने बोट तिच्यावर नेलं, आणि परत घेतलं.

मी म्हटलं, लिही की काहीतरी. त्याला बरं वाटेल. आणि बघ, आता तो ठीक आहे. आज ना उद्या फोन करेल तो.

व्हर्लीने टॅबलेट मिटला आणि गार चहा तसाच तोंडाला लावला.

"नको करू दे," ती म्हणाली. "केला, तर खरं सांगून टाकेन मी."